डॉक्टरच्या गाडीची जाळी

मला गाडी चालवता येत नाही. सायकल तेवढी लग्नाआधी असोद्याच्या रस्त्यावर चालवली, तीही भावाची, चोरून. पण जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी जितक्या मोटारी जोडल्या, तितक्या एखाद्या गॅरेजवाल्यानेही उघडल्या नसतील. फरक इतकाच, की माझ्या गाड्या तळहातावर मावायच्या.

आमची कंपनी मूळची बादल्या आणि मगांची. थोरले शेठ राजस्थानातून आलेल्या घराण्यातले. धंद्यात पक्के, पण मोटारी म्हटल्या की पाघळायचे. बादल्यांच्या जिवावर त्यांनी एक शौक पाळला होता, तो म्हणजे प्लास्टिकच्या मोटारींचे किट. डब्यात गाडीचे सुटे भाग, चिकटवायचा डिंक, चिकटवायच्या नंबरप्लेटी आणि जोडायची रीत सांगणारं पत्रक. ज्याला हौस असेल त्याने घरी बसून गाडी उभी करायची. मी पॅकिंगला लागले होते. माझी बोटं बारीक आणि तोंड मोठं, हे शेठनी लवकरच हेरलं आणि मला 'पहिल्या जोडणी'वर टाकलं.

हे काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या सासूबाईंना ते अखेरपर्यंत कळलं नाही. नवीन किटचे भाग मशीनमधून पहिल्यांदा बाहेर पडले, की ते मी जोडायचे. कुठे भाग बसत नाही, कुठे गिऱ्हाईक अडणार, कुठे त्याच्या तोंडून शिवी निघणार, हे आधीच शोधायचं आणि पत्रक लिहायचं. थोडक्यात, दोष काढण्याचा मला पगार होता. "हे घरी फुकट करतेस, तिकडे पैसे देतात होय?" असं आमचे हे म्हणायचे.

किटवाली माणसं एकेक नमुना. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रविवारी दुपारी फोन करायचे. "मॅडम, एका हाताने टप धरलाय, दुसऱ्या हाताने दार. डिंक सुकेपर्यंत सोडता येत नाही आणि घरचे जेवायला बोलावतायत. तोवर बोला काहीतरी." मी बोलायची. अमळनेरच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याने तर डबा उघडला आणि तसाच परत पाठवला. सोबत निरोप, की गाडी वाटेत फुटून चक्काचूर झालेली आहे, धड असलेली पाठवा. मी त्यांना एक जोडून पाठवली. ते खूश झाले आणि मीही, कारण तो डबा मला घरी जोडायला मिळाला.

पुढे किट बंद पडले. पोरांच्या हातात मोबाइल आले, शेठ गेले, साचे गोदामात ग्रीस फासून पडले. मी बादल्यांची तपासणी करत निवृत्त झाले. मग एके दिवशी धाकट्या शेठचा फोन आला. जुने किट पुन्हा काढायचे होते. लहानपणी ज्यांनी ते जोडले होते, ती पोरं आता पन्नाशीला आली होती आणि तेच डबे इंटरनेटवर शोधत होती. "शैलाताई, पहिली जोडणी तुमचीच," ते म्हणाले. मी नको म्हणण्याआधीच चप्पल घातली होती.

पहिली मागणी होती 'डॉक्टर'ची. हा आमचा सगळ्यात लाडका किट. अमळनेरच्या एका डॉक्टरांकडे गोल पाठीची काळी मोटार होती. थोरले शेठ आणि साचे कोरणाऱ्या आमच्या टूलरूमचे भास्करभाऊ, तेव्हा ते नवे होते, तिची मापं घ्यायला गेले. गोणपाट अंथरून दोघं गाडीखाली शिरले. पुढची जाळी नीट मोजता येईना म्हणून ती खोलून ओट्यावर घेतली. तेवढ्यात डॉक्टरांना बाळंतपणाचा निरोप आला. ते तसेच गाडीत बसले आणि जाळीविना निघून गेले. रस्त्याने लोक म्हणाले, डॉक्टरांच्या गाडीची बत्तिशी पडली. त्यावरून किटचं नावच 'डॉक्टर' पडलं आणि त्याची जाळी भास्करभाऊंनी अशी केली, की चिमटीएवढ्या भागात एकेक उभी पट्टी वेगळी दिसावी. मोटारीचा चेहरा म्हणजे तिची जाळीच.

आता नेमकी तीच जाळी आमच्याकडे नव्हती. डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात गाडीच्या आकाराची पोकळी असते, वितळलेलं प्लास्टिक तिच्यात दाबून भरायचं. ज्या भागात नंतर बदल करावा लागेल, त्याच्यासाठी साच्यात सुटा ठोकळा बसवतात. त्याला इन्सर्ट म्हणतात. 'डॉक्टर' खपेनासा झाला तेव्हा शेठनी त्याचीच टॅक्सी काढली. टॅक्सीची जाळी वेगळी, म्हणून जुना इन्सर्ट काढून नवा घातला. जुना फळीवर ठेवला होता. गोदाम हललं तेव्हा तो भंगारात गेला असावा. म्हणजे डॉक्टरांचं धड आमच्याकडे होतं आणि चेहरा टॅक्सीचा.

नवा इन्सर्ट करायचा तर मोजायला जुनी जाळी हवी. जोडलेल्या गाडीवरची चालत नाही, तिच्या फटींत डिंक आणि रंग भरलेला असतो. न उघडलेला डबा हवा होता. धाकट्या शेठनी इंटरनेटवर विचारणा टाकली. पुण्यामुंबईचे लोक डब्याचे फोटो पाठवत, पण द्यायचं म्हटलं की गप्प. मग धुळ्याहून एका बाईंचा फोन आला. "डबा शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. "पण डबानं आणि डबावालानं, दोन्हीसनं तुम्हलेच पाहनं पडी." म्हणजे डब्याचं आणि डब्याच्या मालकाचं, दोघांचंही आम्हीच बघायचं.

धुळ्याला मी आणि तुषार गेलो. तुषार आमचा डिझाइनचा इंजिनिअर, कॉम्प्युटरवर साचे आखतो. देवपुरात वामननानांचं घर. नाना शिंपी, शाळेच्या गणवेशांसाठी अर्ध्या धुळ्यात नावाजलेले. फोन करणाऱ्या अक्का म्हणजे त्यांची पत्नी. नानांनी तरुणपणी 'डॉक्टर'चे दोन डबे घेतले होते. एक जोडून दुकानाच्या काचेत ठेवला. खानदेशचं ऊन ते, दोन उन्हाळ्यांत गाडीचा टप पापडासारखा उचलला गेला. नानांना ते लागलं. दुसरा डबा त्यांनी सवडीने, नीट जोडायचा म्हणून जपून ठेवला. पण शिंप्याला सवड कुठली? शाळा सुटल्या की लग्नं, लग्नं आटोपली की शाळा, त्या मार्गी लागल्या की दिवाळी.

"लोकेसना कपाटमा सोनं ऱ्हास, आमना कपाटमा हाऊ डबा ऱ्हास," अक्का चहा देताना म्हणाल्या. "नातूले बी हात लावू दिधा नई."

नानांनी डबा माझ्या हातात दिला. कडेची कागदी पट्टी शाबूत होती. मी ती ओळखली, आम्हीच तशा पट्ट्या डकवायचो. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलंही नाही.

मग नाना म्हणाले, "मना डोयामा काचबिंदू शे, ताई. डॉक्टर म्हणस, जे गयं ते येवाव नई. म्हणीसन मी ठरायेल व्हतं, हाई दिवाळीले डबा उघाडसू. आणि नातूनी मोबाइलवर तुमनी विचारणा दखाडी."

खरं ते सांगणं भाग होतं. जाळीवर चकाकीचा मुलामा असतो आणि त्याच्याखाली वार्निश. त्यानेही फटी बुजतात. नीट मोजायची तर मुलामा उतरवून टाकावा लागतो, म्हणजे ती जाळी पुन्हा गाडीला लावण्याजोगी राहत नाही. तुषारने हे तांत्रिक भाषेत सांगायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "नाना, तुमची जाळी आम्ही खराब करणार. नवी देऊ, पण ती व्हायला वेळ लागेल."

नाना बराच वेळ डब्यावरच्या चित्राकडे बघत राहिले. डबा डोळ्यांसमोर थोडा थोडा सरकवत, कारण कडेचं त्यांना दिसतच नव्हतं.

"मी हाई जोडीन तर एकटा देखसू," ते म्हणाले. "तुम्ही बनाडशात तर गंज लोक जोडतीन. लई जा. पण मना डोया शेतस तोवर जायी परत आना."

डोळे आहेत तोवर जाळी आणून देईन, असा मी शब्द दिला. अक्कांनी कात्री आणली, शिंप्याच्या घरची ती, हातभर लांब. पट्टी नानांनी स्वतः कापली. आतल्या पिशव्या तशाच होत्या. झाडाच्या फांद्यांना फळं लागावीत तसे काळ्या चौकटीला भाग लागलेले, आणि एका वेगळ्या पिशवीत जाळी, लखलखीत. नानांनी ती खिडकीशी नेऊन पाहिली, मग माझ्या ओंजळीत ठेवली. बाकीचा डबा त्यांनी कपाटात परत ठेवला.

जळगावला आल्यावर सगळे झपाटल्यासारखे कामाला लागले. भास्करभाऊ कधीच निवृत्त झाले होते, पण जाळीचं नाव ऐकून डबा घेऊन टूलरूममध्ये हजर झाले, म्हणजे जेवणाचा डबा. मुलामा उतरला, तुषारने जाळी स्कॅन केली, भाऊंनी पोलाद निवडलं. आणि इथे जी चूक झाली, ती दोन चांगल्या कारागिरांच्या हातूनच होऊ शकते.

गरम प्लास्टिक गार होताना आकसतं. म्हणून साचा वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो. हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुषारने कॉम्प्युटरवरच्या आकृतीत ती वाढ धरली. तो नवा, भाऊ ज्येष्ठ. त्यांना असलं प्राथमिक काय सांगायचं, म्हणून बोलला नाही. भाऊंनी आकृती पाहिली. हे कॉम्प्युटरवाले आकसणं विसरतात असा त्यांचा अनुभव. पोराचा चारचौघांत पाणउतारा नको, म्हणून त्यांनी गुपचूप आपल्या बाजूने वाढ धरली. दोघांनी एकाच वरणात मीठ घातलं आणि दोघांनीही एकमेकांची अब्रू राखली.

पहिली जाळी माझ्या टेबलावर आली. मी ती गाडीच्या तोंडाला लावली. उजवी बाजू बसली की डावी उचलायची, डावी दाबली की उजवी. फरक केसाएवढा, पण किटमध्ये केस म्हणजे खांब. "भाऊ, बसत नाही," मी म्हटलं. भाऊ माझ्यावर खेकसले, "तुला दिसत नसेल." मग त्यांनी स्वतः लावून पाहिली. तुषार आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदमच म्हणाले, "वाढ मी धरली होती की!" एरवी मी आठवडाभर हसले असते.

त्या दिवशी मला रडू आलं. साचा मोठा झाला की लहान करता येत नाही, कोरलेलं पोलाद परत जागेवर येत नाही. नवा ठोकळा, पुन्हा कोरणं, पुन्हा घासणं, मुलाम्यासाठी माल पुन्हा बाहेर पाठवणं. आणि तिकडे धुळ्यात नानांचा डोळा कुणासाठी थांबणार नव्हता. मी शब्द देऊन बसले होते.

मी नानांना फोन केला. म्हटलं, आहे ती जाळी कानशीने घासून बसवते आणि उद्याच घेऊन येते. कडेची बारीक कोर तेवढी जाईल, लांबून कळणारही नाही.

"दाबीदुबी बसाडेल सदरा मी कधी गिऱ्हाईकले दिधा नई," नाना म्हणाले. "मी लेवाव बी नई. व्हवू द्या बराबर."

"नाना, पण डोळे..."

"डोया मना शेतस, ताई. तुम्ही तुमनं काम करा."

मी ते भाऊंना आणि तुषारला जसंच्या तसं सांगितलं. भाऊ एप्रन बांधायला लागले. यावेळी तुषारने आकृतीवर लाल अक्षरांत लिहिलं, 'वाढ धरली आहे'. भाऊंनी त्याखाली लिहिलं, 'मी धरणार नाही', आणि सही केली. तो कागद अजून टूलरूमच्या भिंतीवर आहे. या दोघांचं मी किती देणं लागते ते मलाच ठाऊक. सणावारी घरची बोलणी खाऊन त्यांनी तो ठोकळा पुन्हा कोरला, आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. जाळी लावली. बारीकसा टक् आवाज आला. दोन्ही बाजू बसल्या.

जाळी मुलामा होऊन आली तशी मी धुळ्याची बस पकडली.

नाना ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ते रस्त्याकडेच बघत होते. अक्का दारात आल्या, माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच मान हलवली. तेव्हा मला कळलं, की मला उशीर झाला होता. खिडकीचा उजेड तेवढा त्यांना कळत होता, बाकी काही नाही. मी त्यांच्या हातात जाळी ठेवली आणि म्हणाले, "नाना, माझा शब्द मोडला." त्याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

त्यांनी जाळीवर अंगठा फिरवला. एकदा आडवा, एकदा उभा. मग नखाने एकेक पट्टी चाचपली, शिंपी टीप चाचपतो तशी. "बठ्ठ्या पट्ट्या शेतस," ते म्हणाले. "कोर बी शे. डबा काढ, वं."

"आता?" अक्का म्हणाल्या. "दिसस का तुम्हले?"

"सुईमा दोरा तरी मी कोठे देखीसन ओवू? काढ डबा."

आम्ही तिघं आत जमिनीवर बसलो. मी पत्रक हातात घेतलं, माझंच जुनं पत्रक, आणि वाचायला लागले. 'चित्रात दाखवल्याप्रमाणे भाग जोडा.' पुढची पायरी, 'बाजूच्या चित्रानुसार.' त्याच्या पुढची, 'चित्र पाहा.' मला माझीच लाज वाटली. पत्रक बाजूला ठेवलं आणि तोंडाने सांगू लागले. नाना, या दाराला आतून एक खुंटी लागेल, तिच्या समोरची खाच शोधा. टपाची गोल बाजू तुमच्याकडे, सरळ बाजू माझ्याकडे. नानांची बोटं माझ्या बोलण्याच्या पुढे धावायची. डिंक अक्का लावायच्या, आणि जास्त लागला की नाना वासावरून ओळखायचे. "वतू नको, वं. लाव." चहा गार झाला. शेजारचं कुणीतरी दारातून डोकावून गेलं. दुपार कलली तेव्हा गाडी उभी राहिली होती, फक्त जाळी उरली होती.

ती त्यांनी कुणाला धरू दिली नाही. डाव्या हाताने गाडीचं तोंड पकडलं, उजव्याने जाळी आणली, कड कडेला टेकवली आणि दाबली. टक् आवाज झाला नाही. डिंक ओला होता.

"बसनी का बराबर?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता. हो म्हणणं सोपं होतं. पण सगळा जन्म मी एवढंच एक काम केलं, कुठे बसलं नाही ते सांगायचं. ज्या माणसाने घासलेली जाळी नाकारली, त्याला मी खोटं कसं सांगू?

"नाना, डावीकडे केसभर वर राहिलीय," मी म्हटलं. "डिंक ओला आहे. मी सरळ करू?"

नानांनी गाडी छातीशी घेतली. डाव्या कोपऱ्यावर बोट नेलं, तो केस त्यांना लागला, आणि ते हसले. त्या घरात पहिल्यांदाच ते असे मोकळे हसलेले मी पाहिले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुम्ही तर आते हजार बनाडशात, बठ्ठ्या सारख्या. हाई मी बसाडेल शे, ते मना बोटले समजाले पाहिजे."

'डॉक्टर' बाजारात आला त्याला आता काही महिने झाले. पत्रक मी नव्याने लिहिलं, प्रत्येक पायरीला काय दिसेल याच्याबरोबर बोटाला काय लागेल तेही. वरणगावच्या गृहस्थांचा रविवारी फोन आला. "मॅडम, तुम्ही लिहिलंय, जाळी लावण्याआधी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवा. हे कशासाठी?"

"एका हाताने काय धरलंय?" मी विचारलं.

"काही नाही. जाळी."

"मग फिरवा," मी म्हटलं, आणि ते फिरवेपर्यंत फोन धरून थांबले.